वासरू, बाण आणि निळा ठिपका

कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला रिफायनरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला परवापासून पिवळं दिसायला लागलंय. त्या फुलांना इथे नुवैर म्हणतात. वर्षातले दहा महिने जिथे वाळू आणि उडून आलेल्या पिशव्या सोडून काहीही नसतं, तिथे चार-सहा आठवडे ही बोटभर उंचीची फुलं येतात आणि एके दिवशी धुळीचं वादळ आलं की निघून जातात. कंपनीच्या बसमधले निम्मे लोक त्या वेळी झोपलेले असतात, उरलेले मोबाइलमध्ये बुडालेले. मी खिडकीला नाक लावून बसतो. नाशिकला असताना फुलं बघायला मी कधी मान वळवल्याचं आठवत नाही. इथे एकोणीस वर्षं काढल्यावर बोटभर फुलाचेही उपकार वाटतात.

फुलं आली की दोन-चार दिवसांत रेवाचा मेसेज येतो. रेवा माझी मुलगी, आता पुण्यात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. यंदाही आला. "बाबा, टेस्टिंग वीक सुरू! आणि हो, तुझी मेडिकल कधी आहे? नाश्ता करून जा." या दोन गोष्टी एकाच मेसेजमध्ये का येतात हे आमच्या घरातल्या तिघांनाच माहीत आहे. बाहेरच्याला सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीच्या वसंतापासून सुरुवात करावी लागेल.

रेवा तेव्हा अकरावीत होती. तिच्या वर्गात अमेरिकेहून आलेली एक मुलगी होती. तिच्या नादाने दहा जणींनी मिळून फँटसी फुटबॉलची लीग काढली होती. हे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचं नव्हे, तर हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचं अमेरिकेतलं. त्यात आपण कागदावर आपला संघ निवडायचा आणि त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यात जे केलं त्याचे गुण आपल्याला मिळायचे. मला आधी हा शुद्ध टाइमपास वाटला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मग एकदा तिच्या लॅपटॉपवर तिने नव्या खेळाडूंचा केलेला तक्ता बघितला. रकाने, सरासऱ्या, कमी-जास्तीला रंग. मी प्रेशर गेज तपासून जन्म काढलेला माणूस. तक्ता दिसला की माझं काही चालत नाही. "हा रकाना चुकलाय," असं मी म्हणालो आणि त्या वाक्यासरशी तिच्या संघाचा अर्धा मालक झालो. संघाचं नाव ठेचा.

दर वसंतात कॉलेजातून नवे खेळाडू यायचे. मोठे संघ त्यांना निवडायच्या आधी एका बंदिस्त मैदानात त्यांची चाचणी घेतात. चाळीस यार्ड पळायचं, उभ्याने उंच उडी, जागेवरून लांब उडी, वजन किती वेळा उचललं ते मोजायचं. हाताची लांबी, पंजाची रुंदीसुद्धा मोजतात. समोर अडवणारा कोणी नाही, पळताना हातात चेंडूही नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्याचं रेकॉर्डिंग लावायचो. माझी बायको अलका एका क्लिनिकच्या लॅबमध्ये आहे, ती ताट घेऊन बसली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर मुलगी बघायला आल्यासारखं चाललंय. चालून दाखव, उभी राहून दाखव, हात बघू." रेवाला याचा अर्थ समजावून सांगावा लागला आणि मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्यांची नावं आम्हाला उच्चारता येईनात, म्हणून अलकाने बारशी उरकली. एक लांब पायांचा पोरगा सुटला तो थेट रेषेपलीकडे, तो बाण. दुसरा आखूड बांध्याचा, कॉलेजच्या सामन्यांत लोकांच्या गर्दीतून अंग चोरून निसटणारा. रेवाने त्याचे जुने सामने बघून त्याला आपल्या यादीत तिसरा ठेवला होता. तो चाचणीत पळाला तेव्हा खांदे वर, मान पुढे, पाय चारी दिशांना. "वासरू सुटलंय गोठ्यातून," अलका म्हणाली. त्याची वेळ फार वाईट आली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या याद्या बदललेल्या. बाण कुठेतरी खाली होता, तो पहिल्या पाचात. वासरू दहाच्याही खाली. रात्रभरात त्या पोराने वाईट खेळण्यासारखं काहीही केलं नव्हतं. तो फक्त एकदा सरळ रेषेत पळाला होता.

"पण तो पहिल्यासारखाच खेळणार ना?" मी विचारलं.

"दॅट्स नॉट द पॉइंट, बाबा. टेस्ट खराब झाली की टीम्स त्याला उशिरा घेतील. उशिरा घेतलेल्याला चान्स कमी देतात. चान्स नाही मिळाला तर पॉइंट्स कुठून येणार?" भाताचा घास हातात तसाच धरून ती म्हणाली. "म्हणजे टेस्ट नुसता रिझल्ट सांगत नाही, तो बनवते पण."

सतरा वर्षांची मुलगी बोलली ते माझ्या वर्कशॉपच्या टेबलावर मी रोज करत होतो. तपासणीत बरोबर आलेल्या गेजला हिरवा स्टिकर, चुकलेल्याला लाल टॅग. लाल टॅग लागलेलं गेज परत पाइपलाइनवर जात नाही, आणि गेलंच नाही तर ते बरं होतं की वाईट हे कोणाला कळणार? मी तक्त्यात बाणाला वर सरकवलं. आकडा आला की आपण तो मानायचा, ही माझी शिस्त.

त्याच आठवड्यात महाशिवरात्र होती. माझा हा उपास आईकडून आलेला, ती गेल्यावर मी धरलेला. रताळी-साबुदाणा काही नाही, दिवसभरात फक्त दोन कप दूध. पारणं दुसऱ्या दिवशी घरी, नैवेद्य दाखवून, वरण-भाताने. आणि नेमकी पारण्याच्याच दिवशी सकाळी कंपनीची वार्षिक मेडिकल. रक्त द्यायचं म्हणून उपाशी जायचं होतंच, मला सोयीचं वाटलं. रक्त दिल्यावर तिथली मल्याळी सिस्टर म्हणाली, "सर, अब कुछ खा लीजिए, फिर ट्रेडमिल है." खाली कँटीनमध्ये समोसे होते. शिवरात्रीचा उपास कँटीनच्या समोशावर सोडायचा? मनाला पटेना. तासाभराचा तर प्रश्न होता. मी पाणी प्यालो आणि पट्ट्यावर चढलो.

पट्टा दर तीन मिनिटांनी वेग वाढवतो आणि चढही वाढवतो. पहिली तीन मिनिटं बरी गेली. दुसऱ्या टप्प्यात समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र दोन-दोन दिसायला लागलं. मी कठड्याला धरलं, कोणीतरी मशीन बंद केलं आणि मग मी खाटेवर आडवा होतो.

डॉक्टर इजिप्शियन बाई होत्या, पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा. त्यांनी विचारलं, "यू एट समथिंग?"

"नो डॉक्टर, फास्टिंग," मी म्हणालो. त्याही अवस्थेत आवाजात जरा अभिमान होता, हे कबूल करतो.

"फास्टिंग? रमदान तर पुढच्या आठवड्यात आहे!" हे त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि हसू दाबत त्यांनी मला रसाचं खोकं दिलं. मग गंभीर झाल्या. उपास नसता तरी तुमचा दम फार टिकला नसता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मशीनने लिहिलं ते पुसता येत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा. तोपर्यंत कागदावर शिक्का: तात्पुरता अपात्र.

लाल टॅग.

आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारा माणूस, फार सज्जन होता. त्याने खांद्यावर हात ठेवून समजावलं. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मे अखेरीस संपत होता. फिटनेसचा कागद असेल तर नवा होईल, नसेल तर नाही, आणि रेवाचा इकामा माझ्या इकाम्याला जोडलेला. तिची बारावी आता सुरू होणार होती. मी दुसऱ्यांदा नापास झालो असतो तर तिला बारावी नाशिकला करावी लागली असती, ज्या शहरात ती जुलै-ऑगस्टच्या सुट्टीपलीकडे कधी राहिली नव्हती. अलकाच्या क्लिनिकच्या पगारावर तिला इथे ठेवता येईल का, हेही विचारून झालं. तो मार्ग बंद होता. जन्मापासून इथे वाढलेल्या मुलीचं शेवटचं वर्ष माझ्या दोन पायांवर येऊन थांबलं होतं.

घरी कसं सांगायचं याची मी बसमध्ये उजळणी केली होती. वेळच आली नाही. अलकाने चेहरा बघितला, कागद ओढून घेतला, वाचला. "छत्तीस तास उपाशी आणि त्यात पळायला गेलात? शंकराने सांगितलं होतं का?" ती म्हणाली आणि डोळे पुसत वरण गरम करायला गेली. माझं पारणं त्या दिवशी दुपारी तीन वाजता झालं. वरणात मीठ जास्त पडलं होतं, तसंच खाल्लं.

रेवाने माझं ताट उचलून ठेवलं. मग लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. "बाबा, लुक. वासराबद्दल बातमी आलीये. त्याची मांडी दुखावली होती टेस्टच्या आधी. तरी पळाला. कोणाला सांगितलंच नाही त्याने." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुझंही तेच. तू वाईट नाहीयेस. तुझी टेस्ट वाईट झाली."

कोणतंही गेज चुकीचं दाखवायला लागलं की मी शिकाऊ लोकांना सांगतो, आधी जोडणी बघा, गळती असेल तर गेजचा काय दोष. पंचवीस वर्षं सांगतोय. माझ्याबद्दल ते मला दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागलं, आणि सांगणारी माझी मुलगी निघाली. त्या क्षणी मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अल-राईला जाऊन बूट आणले. आणि त्या संध्याकाळपासून फहाहीलच्या किनाऱ्यावरच्या फरसबंदीवर रेवाने माझी चाचणी सुरू केली.

अंतर मीच आखलं, दुसऱ्या कोणावर मी कशाला विश्वास ठेवीन? वर्कशॉपमधला स्टीलचा टेप नेला, कठड्याच्या कडेने सरळ चारशे मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना गेजवर खूण करायच्या निळ्या पेनने ठिपका काढला. येणारे-जाणारे बघत होते. मी एका टोकाला उभा राहायचो, ती दुसऱ्या. ती हात वर करायची, मी झपाट्याने चालत सुटायचो, मी तिच्यापाशी पोचलो की ती मोबाइलवर वेळ थांबवायची. असं चार वेळा. दम खाताना ती मला नव्या खेळाडूंच्या बदललेल्या याद्या वाचून दाखवायची. वासरू अजून खाली गेला होता.

पहिल्या दिवशी मला भीती होती ती आकड्याची. पण वेळ चांगली आली. खरंच चांगली, माझ्या अंदाजापेक्षा बरीच. त्या रात्री मी आठवड्यात पहिल्यांदा नीट झोपलो. पुढे पुढे वेळ काही कमी होईना, पण वाढतही नव्हती. रोज जवळजवळ तीच. "सुधारणा नाही," मी कुरकुर करायचो. "स्टेबल आहे, बाबा. स्टेबल इज गुड," ती म्हणायची. आणि मला ते पटायचं, कारण माझ्या धंद्यात पुन्हा पुन्हा तोच आकडा दाखवणाऱ्या उपकरणासारखं दुसरं सुख नाही.

रमजान सुरू झाला होता. सूर्य बुडायच्या आधीचा तो तास. सगळ्या गाड्या घराकडे धावत असायच्या आणि मग एकदम रस्ता रिकामा व्हायचा. समुद्र राखाडी, क्षितिजावर तेलाची जहाजं उभी, आणि मशिदीतून अजान. एक वयस्क कुवेती गृहस्थ रोज तिथे चटई टाकून रोजा सोडायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना हाक मारून खजूर आणि ताकाचं खोकं दिलं. आम्ही रोज नेमक्या त्याच वेळी येतो म्हणजे आमचाही रोजा असणार, असं त्यांना वाटलं असावं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात रेवा त्यांना "शुक्रन, अम्मी", म्हणजे थँक यू काका, म्हणून बसलीसुद्धा. त्यानंतर रोज आमचे दोन खजूर ठरलेले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता खंत वाटते. शिवरात्रीच्या उपासाने मी पडलो आणि रमजानच्या खजुरांवर उभा राहिलो, असं अलका अजून सगळ्यांना सांगते.

सहाव्या आठवड्यात मी पट्ट्यावर चढलो तेव्हा पोटात दोन पोळ्या आणि केळं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच विचारलं, "टुडे नो गॉड?" मी म्हणालो, "गॉड आहे, ब्रेकफास्टही आहे." दुसरा टप्पा गेला. तिसरा गेला. चौथ्यात मी समोरच्या भिंतीकडे बघितलंच नाही. डोळ्यांसमोर मी रेवाला उभं केलं, लाल जाकीट घातलेली, हात वर केलेली, आणि तिच्याकडे चालत राहिलो. बाईंनी मशीन थांबवलं, चष्मा डोळ्यांना लावला आणि कागदावर शिक्का मारला. घरी फोन केला तर पलीकडून रेवाची किंकाळी आणि मागून अलकाचा रडका आवाज, "आधी काहीतरी खा म्हणावं."

मे महिन्यात लीगमधली निवड झाली. चौथी पाळी ठेच्याची. बाण शिल्लक होता. वासरूही होता, त्याला कोण विचारतो. माझा तक्ता बाण म्हणत होता. मी म्हणालो, "वासरू."

रेवाने कपाळाला हात लावला. "बाबा, तुझी ट्रेडमिल आणि हा, काही संबंध नाहीये. बाणाला पहिल्याच फेरीत मोठ्या टीमने घेतलंय. प्लीज."

"त्याची मांडी दुखत होती."

"आय नो. मीच सांगितलं तुला." तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. "ओके. तुझा पिक."

पुढचं सांगायला लाज वाटते. बाण पहिल्याच वर्षी सुटला तो आजतागायत सुटलाय आणि तो ज्या मैत्रिणीकडे गेला ती दोन वर्षं लीग जिंकतेय. वासरू बहुतेक आठवडे बाकावर बसून असतो. कधीतरी त्याला चेंडू मिळतो, तो गर्दीतून अंग चोरून निसटतो, आणि कुवेत-पुणे फोन वाजतो. चाचणीने सांगितलं ते त्या दोघांच्या बाबतीत खरं ठरलं, हे मला मान्य केलं पाहिजे. आकडे खोटं बोलत नव्हते. माझंच मन आकड्यांत नव्हतं.

काल रेवाचा दुसरा मेसेज आला. कोणीतरी वासरू मागतंय, बदल्यात यंदाच्या नव्यांमधली एक चांगली पाळी द्यायला तयार आहे. "देऊया का? सेन्सिबल डील आहे, बाबा. विचार कर."

विचार करायला मी आज संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. रमजानही चालू आहे. ते गृहस्थ दिसले नाहीत, त्यांच्या जागी दोन तरुण मुलं चटई घालत होती. बरेच दिवसांनी चारशे मीटर चालून बघावं म्हणून मी सुरुवातीचा निळा ठिपका शोधला. फिकट झालाय, पण आहे. मग चालत शेवटच्या ठिपक्याकडे गेलो, या वेळी समोर कोणी उभं नव्हतं, म्हणून खाली कठड्याकडे बघत.

तो ठिपका यायच्या बऱ्याच आधी एक निळा ठिपका दिसला.

मला वाटलं, माझीच चूक. थोडं पुढे दुसरा. मग तिसरा, चौथा, पाचवा, आणि सर्वांत शेवटी माझा. मधले पाचही लहान, पेन नुसतं टेकवल्यासारखे. मी तिथेच बसलो. मग घरी जाऊन टेप घेऊन आलो आणि वाकून सगळं मोजलं. पहिला ठिपका तीनशे मीटरच्याही आत होता.

मी कधी ठिपक्याकडे बघून चाललोच नव्हतो. मी रेवाकडे बघून चालायचो, आणि ती आठवड्या-आठवड्याने एकेक ठिपका मागे सरकत गेली होती. पहिल्या दिवशी खचलेल्या बापाला चांगला आकडा मिळावा म्हणून जवळ, आणि मग माझा दम वाढेल तसं मागे, मला कळू न देता, थेट खऱ्या चारशेपर्यंत. रोज तीच वेळ आल्यावर मी खूश होत होतो. पंचवीस वर्षं मापं तपासणारा माणूस, आणि मला एकदाही अंतर मोजावंसं वाटलं नाही. एवढं खोटं माप माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते भंगारात काढलं असतं. त्या खोट्या मापाने तिची बारावी इथे झाली, माझी नोकरी राहिली, आणि मी आज या कठड्यावर धडधाकट बसून समुद्र बघत होतो.

अजान झाली. त्या दोन मुलांपैकी एकाने मला खजूर आणून दिले. मी दोन घेतले.

मग रेवाला लिहिलं, "वासरू द्यायचा नाही."

लगेच उत्तर आलं. "कळलं होतं मला. कुठे आहेस?"

"किनाऱ्यावर. आपलं अंतर मोजलं आज, टेप लावून."

बराच वेळ नुसतंच टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं. शेवटी मीच पुढचं लिहिलं.

"पहिल्या दिवसापासून बरोबर होतं."